शिरा बांधल्या की पाळणा हलतो?

लग्नाला तीन-चार वर्षं झाली, अजून दिवस राहिले नाहीत. बायकोच्या तपासण्या सगळ्या उरकल्या. रक्तातली हॉर्मोन्स झाली, सोनोग्राफी झाली, गर्भनलिका उघड्या आहेत का ते पाहणारा एक्स-रे झाला, काही घरांत तर पोटात दुर्बीण घालूनही झाली. मग कोणाला तरी सुचतं की नवऱ्याचीही एकदा तपासणी करून बघा. वीर्याचा रिपोर्ट येतो, काउंट कमी. सर्जन तपासतात आणि सांगतात, डाव्या बाजूला व्हेरिकोसील आहे, शिरा फुगल्यात. तासाभराचं ऑपरेशन, बहुतेक संध्याकाळी घरी. त्यावर दोघांच्या तोंडून एकच प्रश्न निघतो, ‘ऑपरेशन केलं की मूल होईल ना?’

या प्रश्नाचं ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर देणाऱ्यावर फार विश्वास टाकू नये. उत्तर आहे, पण ते माणसागणिक बदलतं. कसं बदलतं ते समजायला आधी या शिरा काय करतात ते पाहू. (तपासण्यांचा हा क्रम उफराटा आहे, हे जाता जाता सांगायलाच हवं. वीर्यतपासणीला सुई लागत नाही, भूल लागत नाही आणि खर्चही किरकोळ. ती पहिल्याच आठवड्यात व्हायला हवी. आपल्याकडे ती शेवटी होते, याचं कारण वैद्यकशास्त्रात सापडणार नाही.)

१. फुगतं ते काय?

वृषणातलं रक्त परत नेणारी शीर एकच नसते. वृषणाच्या माथ्यावर बारीक शिरांचं एक जाळं असतं. वृषणाकडे येणाऱ्या धमनीला विळखा घालत ते वर चढतं. जांघेपर्यंत येता येता शिरा एकमेकींत मिळत जातात, पोटात शिरताना दोन-तीनच उरतात आणि शेवटी एकच शीर मूत्रपिंडाच्या उंचीपर्यंत जाते. माणूस उभा असताना हा सगळा प्रवास चढाचा. रक्त मागे घसरू नये म्हणून शिरांच्या आत झडपा असतात.

विहिरीवरच्या मोटरीचा फूटव्हॉल्व्ह गळका झाला की काय होतं ते शेतकऱ्याला विचारा. मोटर बंद केली की पाइपातलं चढलेलं पाणी सगळं खाली उतरतं. शिरेतल्या झडपा कमजोर असल्या किंवा मुळातच नसल्या तर रक्ताचंही तसंच होतं. उभं राहिलं की ते खाली उतरतं, जाळ्यात साचतं, आणि वर्षानुवर्षं साचून साचून शिरा जाड आणि नागमोडी होतात. हेच व्हेरिकोसील. पायांवरच्या व्हेरिकोज व्हेन्सचं हे भावंड म्हणायला हरकत नाही. हायड्रोसील मात्र वेगळं. त्यात वृषणाभोवती पाणी साचतं. नावं सारखी वाटतात म्हणून लोक गल्लत करतात.

व्हेरिकोसील दुर्मीळ अजिबात नाही. सरसकट पुरुष घेतले तर शंभरात सुमारे पंधरा जणांना ते असतं. ते बहुधा वयात येताना सुरू होतं आणि अनेकांना जन्मभर त्याचा पत्ताही लागत नाही. मूल होत नाही म्हणून तपासणीला आलेल्या पुरुषांत मात्र हे प्रमाण शंभरात ३५ ते ४० पर्यंत जातं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९२ साली ९,०३४ पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांत ज्यांचा वीर्याचा रिपोर्ट बिघडलेला होता त्यांच्यापैकी २५.४ टक्क्यांना व्हेरिकोसील होतं. रिपोर्ट चांगला असलेल्यांत ते ११.७ टक्के निघालं.

हे दुसरे ११.७ टक्के नीट पाहा. त्यांच्या शिरा फुगलेल्या होत्या, तरी वीर्य ठीक होतं. व्हेरिकोसील असलेले बहुसंख्य पुरुष कुठल्याही उपचाराविना बाप होतात. त्यामुळे व्हेरिकोसील सापडलं म्हणजे वंध्यत्वाचं कारण सापडलंच, असा हिशेब चुकीचा ठरतो.

२. डावीच बाजू का?

दहातल्या नऊ जणांना ते डाव्या बाजूला असतं. कारण शरीराच्या प्लंबिंगमध्ये आहे. उजवी शीर पोटातल्या मुख्य महाशिरेला तिरकी जाऊन मिळते, म्हणजे प्रवाहाच्या दिशेनेच. डावी शीर जास्त लांब असते आणि डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात जाऊन धडकते. ती मूत्रपिंडाची शीर पुन्हा महाधमनी आणि आतड्याकडे जाणारी धमनी यांच्या बेचक्यातून जाते. तिथे ती थोडी दाबली गेली की मागे दाब वाढतो.

डॉक्टरांच्या दृष्टीने यातून एक कामाची खूण मिळते. फुगवटा फक्त उजवीकडे असेल, किंवा चाळिशी-पन्नाशीत अचानक उपटला असेल, किंवा आडवं झोपल्यावरही ओसरत नसेल, तर वर पोटात काहीतरी शीर दाबत असण्याची शक्यता असते. मूत्रपिंडाची गाठसुद्धा असू शकते. अशा वेळी आधी पोटाची सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन. मुलाचा विषय नंतर.

३. शुक्राणूंचं काय बिघडतं?

वृषणं शरीराबाहेर पिशवीत लोंबतात, कारण शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा दोन ते चार अंश सेल्सियस कमी तापमान लागतं. पोटातून ३७ अंशांचं गरम रक्त धमनीतून खाली येतं. भोवतीच्या शिरांमधून वृषणाकडचं थंड रक्त वर जात असतं. दोन्ही चिकटून जातात, त्यामुळे धमनीतली उष्णता वाटेतच शिरांना दिली जाते आणि वृषणापर्यंत पोचेतो रक्त निवलेलं असतं. जाळ्यात पोटातून परत उतरलेलं गरम रक्त साचलं की ही सोय मोडते. जाळं दोन्ही बाजूंचं एकमेकांशी जोडलेलं असल्यामुळे डावीकडचं व्हेरिकोसील उजव्या वृषणालाही उबवतं.

उष्णता हा कारणांमधला एक भाग झाला. साचलेल्या रक्तामुळे वृषणात प्राणवायूचे अतिक्रियाशील रेणू वाढतात. शुक्राणू त्यांच्यापुढे फार दुबळे असतात. बाकीच्या पेशींकडे असते तशी दुरुस्तीची यंत्रणा त्यांच्यात जवळपास नसते आणि त्यांचं आवरण अशा स्निग्ध पदार्थांचं असतं जे चटकन खराब होतात. परिणामी संख्या घटते, पोहण्याची ताकद घटते, विचित्र आकाराचे शुक्राणू वाढतात आणि आतल्या डीएनएचे तुकडे पडण्याचं प्रमाणही वाढतं. डीएनएचा हा बिघाड साध्या रिपोर्टात दिसत नाही.

‘पहिलं मूल आहे ना मला, मग दोष माझ्यात कसा?’ असं विचारणारे पुष्कळ भेटतात. दुसऱ्या वेळी अडलेल्या जोडप्यांतल्या पुरुषांत व्हेरिकोसीलचं प्रमाण पहिल्याच वेळी अडलेल्यांपेक्षाही जास्त दिसलं आहे. म्हणजे काही जणांत तरी नुकसान हळूहळू साठत जातं. पंचविशीत भागलं, पस्तिशीत भागत नाही.

४. हाताला लागतं का?

आता या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. ऑपरेशनचा निर्णय ज्यावर ठरतो ते व्हेरिकोसील सर्जनच्या बोटांना लागलं पाहिजे.

तपासणी उभं राहूनच करतात आणि खोली उबदार लागते, कारण थंडीत पिशवी आक्रसते आणि काहीच कळत नाही. सर्जन आधी नुसतं बघतात, मग वृषणावरचा दोर बोटांत धरतात आणि सांगतात, ‘तोंड मिटा, श्वास कोंडा, जोर लावा.’ जोर लावल्यावरच शिरा फुगलेल्या जाणवल्या तर पहिली ग्रेड. जोर न लावताही लागल्या तर दुसरी. कातडीतूनच वळवळ दिसत असेल तर तिसरी. न्यूयॉर्कच्या डुबिन आणि अमेलार यांनी १९७० साली केलेली ही प्रतवारी आजही चालते.

सोनोग्राफीचं काय? डॉप्लर यंत्राला इतकं बारीक दिसतं की हाताला न लागणाऱ्या, जेमतेम रुंदावलेल्या शिराही रिपोर्टात ‘व्हेरिकोसील’ म्हणून छापून येतात. अशा नुसत्या सोनोग्राफीतल्या व्हेरिकोसीलवर शस्त्रक्रिया करून मूल होण्याच्या शक्यतेत फरक पडत नाही. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचना ते करू नका असंच सांगतात. तेव्हा सर्जनने हात न लावता, फक्त सोनोग्राफीचा कागद बघून तारीख दिली, तर दुसरं मत घ्यावं.

सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात व्हेरिकोसील हा शब्द वेगळ्याच कारणाने घरोघरी माहीत आहे. सैन्यभरतीत पोरगा धावण्यात पास होतो, लेखीत पास होतो आणि वैद्यकीय तपासणीत व्हेरिकोसीलवर अडकतो. मग कर्ज काढून ऑपरेशन करतात आणि पुन्हा तपासणीला उभं राहतात. ही पोरं अठरा-वीस वर्षांची असतात, दुखत-खुपत काही नसतं. त्यांची शस्त्रक्रिया नोकरीसाठी असते, वंध्यत्वासाठी नसते. तिच्यामुळे पुढे मूल होण्यात अडचण येईल ही आईवडलांची भीती मात्र खरी नाही. धमनी जपून केलेलं ऑपरेशन वृषणाला इजा करत नाही. भरतीचा प्रश्न नसेल तर या वयात सरसकट ऑपरेशन करायचंही कारण नाही. फुगलेल्या बाजूचं वृषण दुसऱ्यापेक्षा २० टक्क्यांहून अधिक लहान राहत असेल, किंवा सतत दुखत असेल, तरच सर्जन त्या दिशेने विचार करतात. एरवी दर वर्षी मोजमाप घेऊन लक्ष ठेवतात.

५. रिपोर्ट वाचायचा कसा?

दोन ते सात दिवस संबंध टाळून नमुना द्यायचा, आणि एका रिपोर्टावर थांबायचं नाही. काही आठवड्यांनी दुसरा काढायचा. एकाच माणसाचा काउंट महिन्याभरात दुप्पट किंवा निम्मा होऊ शकतो. ताप येऊन गेला असेल तर पुढचे दोन-अडीच महिने आकडे पडलेलेच असतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तकात खालच्या मर्यादा दिल्या आहेत: वीर्य १.४ मिलिलिटर, दर मिलिलिटरमागे १६ दशलक्ष शुक्राणू (रिपोर्टात ‘मिलियन’ लिहितात, एक मिलियन म्हणजे दहा लाख), त्यांतले ४२ टक्के हलणारे, ४ टक्के नीट आकाराचे. या मर्यादा ठरल्या कशा? ज्यांच्या पत्नीला वर्षाच्या आत दिवस राहिले असे पुरुष घेतले आणि त्यांच्यातले तळाचे पाच टक्के जिथे येतात तिथे रेघ मारली. म्हणजे रेघेखालचेही काही बापच होते. रेघेच्या खाली असणं म्हणजे शक्यता घटणं.

सुटे आकडे बघत बसण्यापेक्षा एक गुणाकार करावा. समजा, वीर्य २ मिलिलिटर, दर मिलिलिटरमागे ८ दशलक्ष, हालचाल २५ टक्के. २ गुणिले ८ म्हणजे १६, त्याचे २५ टक्के म्हणजे ४ दशलक्ष. हे झाले एकूण हलणारे शुक्राणू. शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी समजा तेच आकडे २ मिलिलिटर, १८ दशलक्ष आणि ४० टक्के असे झाले. २ गुणिले १८ म्हणजे ३६, त्याचे ४० टक्के १४.४ दशलक्ष. काउंट सव्वादोनपट झाला, पण कामाला येणारे शुक्राणू साडेतीन पटींहून जास्त वाढले.

याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. चार दशलक्षांवर बहुतेक डॉक्टर थेट इक्सी सुचवतात, म्हणजे प्रयोगशाळेत एकेका बीजांडात एकेक शुक्राणू सुईने सोडायचा. चौदावर आययूआय, म्हणजे धुतलेलं वीर्य गर्भाशयात सोडणं, हा पर्याय खुला होतो, आणि काहीच न करता घरी दिवस राहण्याचीही आशा धरता येते. शस्त्रक्रियेचा फायदा मोजताना ‘मूल झालं की नाही’ एवढंच पाहतात. महागड्या पायरीवरून स्वस्त पायरीवर उतरता आलं हाही फायदाच आहे.

६. गाठ कुठे मारतात?

इतिहास थोडक्यात. फुगलेल्या शिरा आणि आक्रसलेलं वृषण यांचं नातं रोमन लेखक सेल्सस याने पहिल्या शतकातच टिपलं होतं. आजच्या काळातला खरा धक्का एडिंबराच्या सेल्बी टलॉक यांनी १९५२ साली दिला. त्यांच्या एका रुग्णाच्या वीर्यात एकही शुक्राणू नव्हता. दोन्ही बाजूंच्या शिरा बांधल्यावर शुक्राणू आले आणि त्याच्या पत्नीला दिवस राहिले. तोवर हे ऑपरेशन दुखतं म्हणून किंवा ओझं वाटतं म्हणून करत. टलॉकनंतर ते मूल व्हावं म्हणून होऊ लागलं.

शिरा बांधून टाकायच्या तर रक्त जाणार कुठून, असं कोणीही विचारेल. वृषणाच्या रक्ताला परतीच्या इतर वाटा आहेत, मुख्यतः वीर्यनलिकेसोबत जाणाऱ्या शिरा. त्या सर्जन मुद्दाम सोडतात. गळकी वाट बंद झाली की रक्त या वाटांनी जातं.

बांधायच्या जागा तीन. पोटात उंचावर बांधता येतात. ग्वाटेमालाच्या पालोमो यांनी १९४९ साली सांगितलेल्या पद्धतीत तिथे शिरेबरोबर धमनीही बांधत. जांघेत बांधता येतात. किंवा जांघेच्या किंचित खाली. आज मूल व्हावं म्हणून करायच्या शस्त्रक्रियेत हा तिसरा मार्ग सर्वांत जास्त पसंत केला जातो, तोही मायक्रोस्कोपखाली. अमेरिकेत १९८५ साली मार्मर आणि १९९२ साली गोल्डस्टीन यांच्या कामातून ही पद्धत रुजली.

मायक्रोस्कोपमधून काय दिसतं? दोन-तीन सेंटिमीटरच्या छेदातून वृषणाचा दोर वर उचलून रबरी पट्टीवर ठेवलेला असतो. आवरण उघडलं की निळसर, टंच शिरा बाहेर येतात, कधी सात-आठ, कधी वीसच्या आसपास. त्यांच्यातच कुठेतरी धमनी दडलेली असते, जाडी फार तर मिलिमीटर-दीड मिलिमीटर. हात लागला की ती आकसते आणि ठोका दिसेनासा होतो. मग तिच्यावर पॅपॅव्हेरिन या धमनी सैल करणाऱ्या औषधाचे थेंब टाकून वाट बघायची, किंवा पेन्सिलीच्या टोकाएवढा डॉप्लर टेकवून ‘शूक्-शूक्’ असा आवाज ऐकायचा. धमनी सापडली की तिला वेगळं काढून ठेवायचं. मग काचेच्या धाग्यांसारख्या पारदर्शक लसिकावाहिन्या. त्या बांधल्या गेल्या तर वृषणाभोवती पाणी साचतं, म्हणजे आपलं हायड्रोसील, म्हणून त्याही वाचवायच्या. उरलेली एकेक शीर दोन ठिकाणी बांधून मधोमध कापायची. काम किचकट असतं, घाईचं नसतं.

या बारकाव्याचं फळ आकड्यांत दिसतं. मायक्रोस्कोपने केलेल्या शस्त्रक्रियेनंतर शिरा पुन्हा फुगण्याचं आणि पाणी साचण्याचं प्रमाण शंभरात एक-दोनच्या घरात असतं. जुन्या पद्धतींत दोन्ही त्रास शंभरात पाचापासून पंधरापर्यंत जणांना होत.

इथे शब्दांचा घोटाळा होतो म्हणून सावध राहा. आपल्याकडे ‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ म्हणजे लॅपरोस्कोपी, पोटात नळी घालून केलेलं. मायक्रोस्कोपचं ऑपरेशन वेगळं, त्यात पोट उघडतच नाही. सर्जनला सरळ विचारावं: मायक्रोस्कोप वापरणार का, आणि तुम्ही अशी किती केली आहेत? तिसरा रस्ता रेडिओलॉजिस्टचा. मानेतल्या किंवा जांघेतल्या शिरेतून बारीक नळी थेट वृषणाच्या शिरेपर्यंत नेऊन आत धातूची गुंडाळी सोडतात आणि शीर आतून बंद करतात. टाका नाही, छेद नाही. मात्र हे करणारे हात मोठ्या शहरांतच मिळतात.

नंतरचे दिवस सोपे असतात. दोन-तीन दिवस ठणका, आठवड्यात कार्यालयीन काम, तीन-चार आठवडे जड ओझी बंद, साधारण दोन आठवडे संबंध नाहीत. खड्ड्यांतून मोटरसायकल हाकायची घाई करू नये.

आणि रिपोर्टाची तर मुळीच करू नये. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, वर बाहेरच्या नळीत मुरायला आणखी काही दिवस. ऑपरेशननंतर महिन्याने दिलेल्या नमुन्यातले शुक्राणू जुन्या गरम वृषणात तयार झालेले असतात. पहिला रिपोर्ट तीन महिन्यांनी. सुधारणा सहा महिन्यांपर्यंत, कधी वर्षापर्यंत चालू राहते. तीनातल्या साधारण दोघांचे आकडे सुधारतात. उरलेल्याचे तिथेच राहतात.

७. आकड्यांचं भांडण

आकडे सुधारले म्हणजे मूल झालं असं नव्हे. त्यावर डॉक्टरांमध्ये चाळीस वर्षं वाद झाला, आणि तो वाद वाचण्यासारखा आहे.

इस्रायलमधल्या एका चाचणीत (१९९५) चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाची शस्त्रक्रिया लगेच केली, दुसऱ्याला वर्षभर थांबवलं. वर्षात पहिल्या गटातल्या ६० टक्के जोडप्यांना दिवस राहिले, दुसऱ्यातल्या १० टक्क्यांना. तीन वर्षांनी जर्मनीतल्या म्युन्स्टरहून अगदी उलट निकाल आला. उपचार केलेल्यांत २९ टक्के, आणि ज्यांना फक्त समुपदेशन दिलं त्यांच्यात २५ टक्के. म्हणजे फरक जवळजवळ नाही. मग २०११ साली सौदी अरेबियातून मायक्रोस्कोपखालच्या शस्त्रक्रियेची चाचणी आली: ३३ विरुद्ध १४ टक्के.

शेवटच्या चाचणीचा हिशेब हाताने करून पाहू. शंभर जोडप्यांत शस्त्रक्रिया केली, ३३ जणांना वर्षात दिवस राहिले. त्यातल्या १४ जणांना शस्त्रक्रिया न करताही राहिलेच असते. म्हणजे शस्त्रक्रियेची खरी कमाई १९. शंभर भागिले १९ म्हणजे सुमारे पाच. पाच पुरुषांची शस्त्रक्रिया केल्यावर एका जोडप्याला असं मूल होतं, जे एरवी त्या वर्षात झालं नसतं. कॉक्रेन या संस्थेने २०१२ साली सगळ्या चाचण्या एकत्र करून काढलेला आकडा सतराचा होता, आणि मुळात चाचण्याच कच्च्या आहेत असा शेराही मारला होता. त्यातल्या फक्त हाताला लागणारं व्हेरिकोसील आणि बिघडलेला रिपोर्ट असलेल्या पुरुषांच्या चाचण्या वेगळ्या काढल्या की फायदा जास्त दिसू लागतो.

भांडणाचं मूळ तिथेच आहे. जुन्या चाचण्यांत कोणी सोनोग्राफीतलं व्हेरिकोसील घेतलं होतं, कोणी चांगला रिपोर्ट असलेले पुरुष घेतले होते. ज्याला गरजच नाही त्याचं ऑपरेशन करून फायदा दिसणार कुठून?

‘१४ जणांना न करताही’ हे वाक्य आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवावं. सर्वांत वाईट रिपोर्ट आला की माणूस औषधाकडे धावतो, आणि त्यानंतरचा रिपोर्ट आपसूकच थोडा बरा येतो, कारण आकडे मुळातच वरखाली होत असतात. श्रेय कॅप्सूलला मिळतं. काउंट वाढवण्याच्या महागड्या डब्या याच भांडवलावर खपतात.

८. वय कोणाचं मोजायचं?

दोन जोडपी कल्पून बघू. दोन्ही नवऱ्यांचा रिपोर्ट तंतोतंत सारखा: दुसऱ्या ग्रेडचं व्हेरिकोसील, एकूण हलणारे शुक्राणू चार-पाच दशलक्ष. पहिल्यात बायको २७ वर्षांची, तपासण्या सगळ्या ठीक. इथे शस्त्रक्रिया करून वर्ष-दीड वर्ष थांबणं अगदी शहाणपणाचं. दिवस राहिले तर उत्तम, नाही राहिले तरी पुढची पायरी स्वस्त झालेली असू शकते, आणि दुसऱ्या मुलाच्या वेळीही हा फायदा टिकतो. आयव्हीएफचा, म्हणजे प्रयोगशाळेत गर्भ तयार करण्याचा (इक्सी हा त्याचाच प्रकार), खर्च दर वेळी नव्याने करावा लागतो.

दुसऱ्यात बायको ३९ वर्षांची आहे आणि बीजांडांचा साठा घटलेला. शस्त्रक्रिया, तीन महिने वाट, मग सहा महिने प्रयत्न, यात तिचं वर्ष जाईल आणि त्या वर्षात तिची शक्यता त्याच्या वाढलेल्या काउंटपेक्षा वेगाने घसरेल. इथे सरळ इक्सी. गर्भनलिका दोन्ही बंद असतील तर वय २७ असलं तरी तेच, कारण त्यांना आयव्हीएफ लागणारच आहे.

म्हणून शस्त्रक्रिया त्याची असली तरी तारीख ठरवताना फाइल तिची उघडावी लागते. सर्जन आणि स्त्रीरोगतज्ज्ञ एकमेकांशी बोललेच नाहीत अशी जोडपी आपल्याकडे रोज भेटतात. त्याने एका दवाखान्यात ऑपरेशन केलेलं असतं, तिचं दुसरीकडे आययूआय चाललेलं असतं, तेही त्याच्या ऑपरेशननंतरच्या सहाव्या आठवड्यात, म्हणजे सुधारलेले शुक्राणू यायच्या आधीच.

९. काउंट शून्य असेल तर

टलॉकचा रुग्ण आठवून शून्य काउंटवाले मोठी आशा घेऊन येतात. त्यांच्या बाबतीत सावकाश पावलं टाकावी लागतात. आधी शुक्राणूंची वाट कुठे तुंबली आहे की ते तयारच होत नाहीत, हे ठरवायचं. तयारच होत नसतील तर गुणसूत्रांची तपासणी. वाय गुणसूत्राचा तुकडा गळालेला निघाला तर शिरा बांधून काही हाती लागण्याची आशा फार कमी. अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनीही शस्त्रक्रियेची शिफारस करताना शून्य काउंटच्या पुरुषांना वगळलं आहे.

तरीही मोठं, हाताला लागणारं व्हेरिकोसील असलेल्या काही जणांत शस्त्रक्रियेनंतर वीर्यात मोजके शुक्राणू दिसू लागतात. संख्या इतकी कमी की घरी दिवस राहणं कठीण, पण इक्सीला मूठभरही पुरतात, आणि वृषणातून सुईने शुक्राणू काढायचं ऑपरेशन टळतं. अशा माणसाच्या नमुन्यात पहिल्यांदा शुक्राणू दिसले की प्रयोगशाळा ते त्याच दिवशी गोठवून ठेवायला सांगते, कारण पुढच्या महिन्याच्या नमुन्यात ते असतीलच असं नाही.